सकाळची गोणी, दुपारची गोणी

गेल्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवीतल्या एका मुलीने मध्येच हात वर केला. "टीचर, संत ख्रिस्तोफर खरा होता का?"

ख्रिस्तोफरची गोष्ट मी नेमकी नदीच्या मध्यावर आणून ठेवली होती. पाणी छातीला लागलंय, खांद्यावरचं लेकरू शिशासारखं जड झालंय आणि तो धिप्पाड माणूस पहिल्यांदाच घाबरलाय. अशा वेळी हा प्रश्न. तिच्या मामाने तिला सांगितलं होतं म्हणे, की पोपसाहेबांनी १९६९ साली ख्रिस्तोफरला संतांमधून काढून टाकलं. बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. बारा वर्षं हा वर्ग घेते आहे, पण तेवढ्यात नीट उत्तर सुचलं नाही. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणाले आणि घंटा झाली.

कोपरखैरण्याला घरी येईपर्यंत तोच विषय डोक्यात. तिला जे सांगायचं आहे ते आधी इथे लिहून काढते.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली चर्चचं उपासनेचं कॅलेंडर नव्याने लावलं. ज्या संतांच्या चरित्राला इतिहासाचा आधार थोडा, त्यांचे सण त्यात जगभराच्या सक्तीच्या कॅलेंडरमधून उतरवले. २५ जुलैचा ख्रिस्तोफरचा सण त्यातलाच. पण संतपद कुणी काढून घेतलं नाही. हुतात्म्यांच्या रोमन यादीत २५ जुलैला त्याचं नाव आजही आहे आणि जिथे त्याची भक्ती आहे तिथे सण करायला मोकळीक आहे. पूर्वेकडची चर्चेस तर त्याला ९ मे रोजी आठवतातच.

मग खरा होता का? पाचव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, त्याच्या नावाने चर्च बांधल्याचा शिलालेख आहे. म्हणजे त्या नावाचा एक हुतात्मा लोकांना ठाऊक होता, प्रिय होता. नदीची गोष्ट मात्र पुष्कळ नंतरची, पश्चिमेकडची. तेराव्या शतकात जेनोआचे याकोपो दा वोराजिने यांनी संतकथांचा मोठा संग्रह केला, त्यातून ती युरोपभर गेली.

आपल्याकडच्या हुतात्म्यांचं असं नाही. ठाण्यात १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस असे चौघे श्रद्धेसाठी मारले गेले. जॉर्दानुस नावाच्या धर्मबंधूने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि त्याबद्दल पत्रं लिहिली. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनला गेला. तारीख आहे, गाव आहे, पत्र आहे. मुलांना मी मासुंदा तलावाजवळच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमध्ये घेऊन गेले होते, तेव्हा ही हकिगत सांगितली होती. तेव्हा "खरं का?" असं कुणी विचारलं नाही.

तरीही, मनापासून सांगते, माझ्या घरात ज्याने श्रद्धा टिकवली तो संत ख्रिस्तोफरच. कारण आमचे बाबा हमाल होते.

बाबा मूळचे श्रीरामपूर तालुक्यातले, हरेगावजवळच्या एका वस्तीवरचे. १९६६ साली, एकोणिसाव्या वर्षी मुंबईला निघाले तेव्हा गावाकडच्या परदेशी फादरांनी त्यांच्या हातात एक चित्र ठेवलं. पत्त्याच्या पानाएवढं कार्ड. एक दांडगा माणूस, हातात झाडाच्या बुंध्यासारखी काठी, गुडघ्यापर्यंत पाणी, खांद्यावर बाळ येशू. "प्रवाशांचा संत आहे, जवळ ठेव," एवढंच फादर म्हणाले. बाबा उतरले मशीद बंदरला. दाणाबंदरात एका टोळीत लागले. पाठीवर पोत्याचं फडकं, हातात हूक आणि शंभर-शंभर किलोच्या गोण्या. काम रोजचं, मालक रोज वेगळा. मुकादम देईल तो पैसा. पडलास, हात मोडला, तर तुझं नाव कुठल्याच वहीत नाही.

आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या हमालांनी तो लढून मिळवला. हमालाची नोंद होऊ लागली, मजुरी माथाडी मंडळामार्फत मिळू लागली, मजुरीवर व्यापाऱ्याने लेव्ही, म्हणजे वरची ठरावीक रक्कम, भरायची आणि त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. ज्या साली रोमच्या कॅलेंडरमधून ओझं वाहणाऱ्या संताचं नाव उतरलं, त्याच साली मुंबईत ओझं वाहणाऱ्या माणसांचं नाव वहीत चढलं. हे दोन्ही मला एकदमच कळलं, चाळिशीत, आणि त्या रात्री मी बराच वेळ ते कार्ड घेऊन बसले होते. यात कुणी संकेत शोधावा असं मी म्हणत नाही. पण माझ्यासाठी ते वर्ष ख्रिस्तोफरला काढून टाकल्याचं वर्ष कधीच होऊ शकत नाही.

पुढे घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला आले आणि त्यांच्यामागे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. कार्डही आलं. आता त्याचे कोपरे गेलेत, बाळाचा चेहरा पुसट झालाय.

लहानपणी मी बाबांना ते चित्र दाखवून गोष्ट सांगायचा हट्ट करायचे. आई सांगायची ती गोष्ट वेगळी, देवाधर्माची. बाबा चित्राकडे बघायचे ते कामाच्या नजरेने. "लेकरू चुकीचं बसवलंय," म्हणायचे. "एका खांद्यावर वजन घेतलं की कंबर जाते. मानेमागं पाहिजे, दोन्हीकडं सारखं." मग काठीवर बोट ठेवायचे. "ही मात्र बरोबर. पाण्यात तिसरा पाय लागतो." आणि ओझं वाढल्याच्या भागाला आलो की ते मान हलवायचे. आई म्हणायची, तो चमत्कार होता. बाबा म्हणायचे, "चमत्कार कशाचा? गोणी तीच असती. पण सकाळची गोणी आणि दुपारची गोणी एक नसती."

इतक्या वर्षांत या गोष्टीवर पुष्कळ प्रवचनं ऐकली. बाबांच्या या वाक्याजवळ जाणारं एकही नाही.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्याचं आधीचं नाव रेप्रोबस. बारा हात उंच, चेहरा भीतिदायक. त्याने ठरवलं होतं की जगातल्या सर्वांत मोठ्या राजाचीच चाकरी करायची. एका राजाकडे राहिला. एकदा दरबारात गाणाऱ्याने सैतानाचं नाव घेतलं आणि राजाने झटकन क्रूसाची खूण केली. म्हणजे राजा कुणालातरी भितो! रेप्रोबस निघाला आणि सैतानाकडे चाकरीला लागला. तर रस्त्याच्या कडेला एक क्रूस दिसला आणि सैतान वाट वाकडी करून गेला. म्हणजे हाही भितो. त्यालाही सोडलं. ज्याच्या क्रूसाला सैतान भितो त्याला शोधत तो एका एकांतवासी साधूकडे पोचला.

साधू म्हणाला, उपवास कर. रेप्रोबस म्हणाला, मला जमणार नाही. साधू म्हणाला, मग प्रार्थना कर, पुष्कळ प्रार्थना. तो म्हणाला, ते काय असतं तेही मला ठाऊक नाही. तेव्हा साधूने त्याला नीट पाहिलं असणार. म्हणाला, ती नदी माहीत आहे ना, जिथे पार होताना माणसं बुडतात? तू उंच आहेस, अंगात बळ आहे. तिथे राहा आणि माणसं पार कर.

मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो हा साधू. आयुष्यभर उपवास आणि प्रार्थना केलेला माणूस, पण समोरच्याला ते जमत नाही म्हटल्यावर त्याने त्याला हाकललं नाही, कमी प्रतीचाही मानला नाही.

बाबांना ईस्टरआधीच्या उपवासकाळात फार टोचायचं. राख बुधवारी, म्हणजे त्या काळाच्या पहिल्या दिवशी, आई, आजी, आम्ही पोरी एकदा जेवून राहायचो. बाबा पहाटे डबा घेऊन जायचे आणि दुपारी परत खायचे. न खाता फळीवरून गोणी घेऊन चढताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गोणीसकट खाली आले होते. चर्चमध्येही दमून त्यांना प्रवचनात डुलकी लागायची. जपमाळेचं पाचवं रहस्य त्यांनी जागेपणी पूर्ण केलेलं मला आठवत नाही. शेजारच्या बायका बोलायच्या. एका वर्षी पापनिवेदनाला गेले तेव्हा त्यांनी हे सगळं फादरांना सांगितलं. फादर म्हणाले, "तुझं काम भूक लागणारं आहे. तू जेव. पण या चाळीस दिवसांत टोळीत जो आजारी असेल त्याची गोणी तू घे."

हे मला आईने सांगितलं, बाबांनी नाही. त्या वर्षी टोळीतल्या साताऱ्याकडच्या एका गड्याची कंबर धरली होती. कामावर आला नाही तर रोज बुडणार, आला तर उचलवत नाही. पूर्ण उपवासकाळ बाबा त्याच्या वाटणीच्या गोण्या ओढत राहिले. तो गडी शिवून घ्यायचा, मोजायचा, झाडलोट करायचा. पैशाची वाटणी सारखी. तो वारकरी होता. पुढे आषाढीला तो पंढरपूरला जायचा तेव्हा त्याच्या गोण्या टोळी उचलायची आणि नाताळला बाबा सुट्टी घ्यायचे तेव्हा तो सगळ्यांच्या आधी म्हणायचा, "यांच्या मी घेतो." त्याचा एक डोळा गेला तरी तो आमच्याकडे फराळ घेऊन येत राहिला, हयात होता तोवर.

आपल्या प्रार्थना-गटांमध्ये कुणी म्हटलं की मला दीर्घ प्रार्थना जमत नाही, बायबल वाचताना लक्ष लागत नाही, तर आपण लगेच उपाय सांगतो. सकाळी लवकर उठा, जागा ठरवा, मेणबत्ती लावा. उपाय चांगलेच आहेत. पण त्या माणसाच्या अंगात काय बळ आहे हे आपण विचारतो का? आमच्या सोसायटीत एक बाई आहेत. बोलायला बुजतात, सभेत कधी तोंड उघडत नाहीत. पण कुणाच्या घरी दुखवटा असला की तिथे पहिल्या दिवसापासून भांडी घासायला त्या उभ्या असतात, न बोलावता. त्यांना कुणी कधी "तुमची श्रद्धा मोठी" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही म्हटलं नव्हतं, गेल्या रविवारपर्यंत.

आता राजाची गोष्ट. ही लिहायची की नाही यावर दोन दिवस घालवले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहायला होते. गाळ्याचं नाव इथे नको. गाडीतून उतरलेल्या गोण्या वहीत कमी दाखवायच्या आणि वरच्या गोण्यांची मजुरी हातावर रोख टेकवायची, असं तिथे चालायचं. म्हणजे त्या गोण्यांवर लेव्ही नाही. लेव्ही म्हणजे हमालाचा फंड, त्याच्या बायकोचं ऑपरेशन. माझी दहावी-बारावी त्याच पैशावर झाली होती. मला सगळं कळत होतं. नऊ महिने मी ते आकडे लिहिले. नोकरी हवी होती, लग्न ठरायचं होतं. मालक फार बडा, त्याचा आवाज ऐकला की माझा पेन अडखळायचा. एके दिवशी मंडळाकडून तपासणीला कुणी येणार अशी नुसती कुणकुण लागली तर तोच माणूस घाम पुसत वह्या लपवताना मी पाहिला. त्या रात्री जेवताना मी सहज बोलून गेले की काल आमच्याकडे तीनच गाड्या लागल्या. बाबा भाकरी मोडत होते. म्हणाले, "चार. आम्हीच उतरवल्या." आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

रेप्रोबसने राजाला क्रूसाची खूण करताना पाहिलं आणि तिथल्या तिथे विचारलं, कुणाला भितोस? मला विचारायला आणि निघायला आणखी तीन आठवडे लागले. तक्रार मी केली नाही. ते करायला हवं होतं. माझ्या नंतर त्या खुर्चीवर बसलेल्या मुलीनेही तेच आकडे लिहिले असणार. दरवर्षी पापनिवेदनात हे येतं आणि यायलाच हवं.

आपण ज्याची चाकरी करतो तो कुणाला भितो, हा प्रश्न मी आता मोठ्या मुलांच्या वर्गात विचारते. नोकरी, सोसायटीतली पत, पोराचं ॲडमिशन, नातेवाईक काय म्हणतील, यातल्या ज्याला आपण घाबरून असतो तो आपला राजा. आणि तो स्वतः कुणाच्या तरी भीतीने वह्या लपवत असतो.

राहिली नदी. एका रात्री लहान मुलाची हाक आली. दोनदा बाहेर येऊन पाहिलं तर कुणी नाही, तिसऱ्यांदा लेकरू दिसलं. त्याने ते खांद्यावर घेतलं आणि निघाला. पाणी चढत गेलं, वजन चढत गेलं. पलीकडे पोचल्यावर तो म्हणाला, लेकरा, सगळं जग माझ्यावर ठेवल्यासारखं वाटलं. लेकरू म्हणालं, जगच नाही, ज्याने जग केलं तोही तुझ्या खांद्यावर होता. काठी झोपडीशेजारी रोव, सकाळी तिला फळ आलेलं दिसेल. तसं झालं. तेव्हापासून तो ख्रिस्तोफर, म्हणजे ख्रिस्ताला वाहणारा.

युरोपात जुन्या चर्चेसमध्ये त्याचं भलंमोठं चित्र दरवाज्यासमोरच्या भिंतीवर काढायचे. १४२३ सालचा त्याचा एक लाकडी ठशाचा छाप प्रसिद्ध आहे. त्याखाली लिहिलंय की ज्या दिवशी ख्रिस्तोफरचं मुख पाहाल त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. लोक कामाला जाताना दारातून डोकावून त्याला पाहायचे. रिक्षात, टेम्पोत पुढे त्याचं पदक लटकवणारे आपल्याकडेही आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही, बाबांनी ते कार्ड अठ्ठावन्न वर्षं सांभाळलंच ना. पण ख्रिस्तोफर स्वतः प्रवासी नव्हता. तो एकाच नदीवर राहिला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तेच पाणी. ज्या रात्री येशू आला त्याच्या आदल्या रात्रीही तो कुणालातरी घेऊन गेला असेल, एखाद्या भांडकुदळ व्यापाऱ्याला किंवा पैसे न देता निघून गेलेल्या कुणाला. ते खांद्यावर असताना त्याला काय माहीत, कोण हलकं आणि कोण जड निघणार!

आणि मध्यावर पोचल्यावर लेकरू खाली ठेवायची सोय नसते. हे बाबा बोलायचे ते मला आईच्या आजारपणात कळलं. चार वर्षं ती अंथरुणात होती. पहिल्या महिन्यात मी तिचं सगळं प्रेमाने केलं, स्तोत्र म्हणत केलं. तिसऱ्या वर्षी रात्री दोनला चादर बदलताना माझ्या मनात जे यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई तीच होती, वजनाने तर उलट निम्मी झालेली. मला वाटायचं, माझी श्रद्धा संपली, माझं प्रेम खोटं होतं. एकदा बाबांपुढे रडले. ते म्हणाले, "दुपार झालीय, पोरी. दुपारी असंच लागतं. तू वाईट नाहीस." मग उठून त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

त्या दिवसांत मला एकदाही वाटलं नाही की मी येशूला उचलते आहे. फक्त आई वाटायची आणि पाठदुखी. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात नीतिमान लोकही हेच विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांनाही आधी माहीत नव्हतं.

म्हणून त्या मुलीला मी सांगणार आहे की त्या नावाचा हुतात्मा होता. नदीची गोष्ट नंतर लोकांनी सांगितली, आणि ज्यांनी सांगितली त्यांनी ओझं वाहिलेलं असणार. नुसतं कल्पनेने कुणाला सुचत नाही की वजन मध्यावर वाढतं.

हे सगळं काल बाबांना वाचून दाखवलं. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरून महिन्यातून एकदाच, मराठी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मराठी उपासनेच्या, रविवारी, खाली उतरतात. तेही खुर्चीत बसून, आम्ही दोघांनी उचलून. ऐकून झाल्यावर म्हणाले, "त्या पोरीला मीच सांगतो. वजन कसं वाढतं ते तुला काय ठाऊक? तू किती उचललंयस?"

तर या रविवारी मराठी मिस्सा नसूनही त्यांना वर्गात न्यायचं आहे. तळमजल्यावरच्या मुलाला सव्वाआठला यायला सांगितलंय. खुर्ची हातांची घ्यायची, प्लॅस्टिकची नको, असं बाबांनी बजावलंय. खालच्या बाजूला त्या मुलाने राहायचं कारण उतरताना वजन खालच्यावर येतं. मी वर. पहिली पायरी बघून टाकायची. आणि मध्ये थांबायचं नाही, दम लागला तर जिन्याच्या वळणावर टेकवायचं. कार्ड त्यांनी आत्ताच शर्टाच्या खिशात घालून ठेवलंय.